हुगळीकाठचा एक दिवस : कोलकाता पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

कोलकात्याला पहिल्यांदा जाणारी आपली माणसं बहुतेक एकच यादी घेऊन जातात. व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर, कालीघाट, हावडा ब्रिज. मग दिवसभरासाठी गाडी ठरवायची आणि निम्मा दिवस काचेतून पुढच्या बसचा मागचा भाग बघत काढायचा. माझीही पहिली खेप अशीच गेली. दक्षिणेश्वरला पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता, गाभारा बंद झाला होता आणि तो उघडेपर्यंत दोन-अडीच तास थांबायला वेळ नव्हता.

पुढच्या खेपेला नदी धरून फिरलो आणि शहर उलगडत गेलं. हुगळी इथे उत्तर-दक्षिण वाहते आणि जुनं कोलकाता तिच्या पूर्व काठाला लांबट चिकटून वसलेलं आहे. त्यामुळे लाँच, मेट्रो आणि पाय, एवढ्यावर बरंचसं शहर एका दिवसात पाहता येतं. लाँच आणि मेट्रोचं दिवसभराचं भाडं माणशी शंभर रुपयांच्या आत बसतं. खाली दिलेला क्रम मी स्वतः दोनदा, वेगवेगळ्या पाहुण्यांना घेऊन केलेला आहे.

निघण्याआधी : वार आणि घड्याळ

सोमवार टाळा. इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद असतात. मंगळवार आणि शनिवार हे कालीचे वार, त्या दिवशी दक्षिणेश्वरची रांग हलता हलत नाही. रविवारी मेट्रो सकाळी उशिरा सुरू होते. राहिले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. यांतला एक धरा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेचा घाम मुंबईकरालाही नकोसा होतो, आणि पावसाळ्यात नदीवरचा बेत कधी फिसकटेल सांगता येत नाही.

घड्याळाची गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण इथेच आपले लोक फसतात. कोलकाता मुंबईच्या पूर्वेला साधारण पंधरा अंश रेखांशावर आहे, पण घड्याळ तेच. म्हणजे सूर्य तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य गेलेला असतो, साडेपाचला अंधार. ‘सहा वाजता सूर्यास्त बघू’ असा मुंबईचा हिशेब तिथे चालत नाही. दिवस पहाटे सुरू करायचा आणि नदीवर चारलाच हजर व्हायचं.

आदल्या दिवशीच पोचा. नागपूरमार्गे येणाऱ्या गीतांजली, मुंबई मेल, पुण्याहून येणारी आझाद हिंद, या सगळ्या हावड्याला येतात. गीतांजलीत बसाल तेव्हा एक आठवण ठेवा : १९७७ मध्ये रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी ही गाडी सुरू केली ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. मुक्कामाला एस्प्लनेड-न्यू मार्केटचा भाग सोयीचा. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तेही मेट्रोपासून जवळ. फक्त खोलीची चौकशी आधी करून ठेवा.

खिशात सुटे पैसे हवेत, दहा-वीसच्या नोटा आणि नाणी. पायांत जुन्या, सहज निघणाऱ्या चपला. बूट नकोत, कारण सकाळ चिखलात जाणार आहे आणि दहा वाजता देवळात ते काढावे लागणार आहेत.

पहाटे : मल्लिक घाटाचा फूलबाजार

साडेपाच-सहाला मल्लिक घाट गाठा. इतक्या लवकर मेट्रो नसते, टॅक्सी घ्या. रस्ते मोकळे असल्याने एस्प्लनेडहून दहा-पंधरा मिनिटांत पोचता. चालकाला ‘हावडा ब्रिजच्या अलीकडे, फूलबाजार’ एवढं सांगितलं की पुरतं.

पुलाच्या पायथ्याशी, कोलकात्याच्या बाजूला हा घाऊक बाजार भरतो. झेंडूच्या माळांचे पिवळे-केशरी भारे डोक्यावर आणि खांद्यावर घेतलेले हमाल तुमच्या अंगावरूनच जातील. त्यांना थांबणं शक्य नसतं, तेव्हा आवाज आला की भिंतीला लागायचं. मधोमध उभं राहून फोटो काढू नका, ही त्यांच्या कमाईची वेळ आहे. निशिगंध, कमळं, बेलाची पानं, तुळस, आणि जास्वंदीचे ढीगच्या ढीग. आपण जास्वंद गणपतीला वाहतो, तिथे ती कालीची. तिला ते ‘जबा’ म्हणतात. एक माळ विकत घ्या, पुढे दक्षिणेश्वरला उपयोगी पडेल.

बाजारातून नदीकडे उतरलात की घाटाच्या पायऱ्या लागतात. लोक अंघोळ करत असतात, कुणी अर्घ्य देत असतं. पुलाचे फोटो भरपूर काढा, अंघोळ करणाऱ्यांचे नको.

मग पूल चालत ओलांडा. पंधरा मिनिटं लागतात. हावडा ब्रिज, अर्थात रवींद्र सेतू, १९४३ मध्ये खुला झाला. दोन्ही काठांच्या मनोऱ्यांवर तोललेला आहे, नदीपात्रात एकही खांब नाही, आणि अख्खा सांगाडा नटबोल्ट न वापरता रिव्हेट ठोकून जोडलेला. मधला गाळा सुमारे ४५७ मीटरचा. उत्तरेच्या पदपथावर गर्दी सारखीच, पण मध्यावर कठड्याशी दोन मिनिटं थांबा. हजारो माणसांच्या पावलांनी पूल किंचित थरथरतो, तो तळपायाला कळतो.

पलीकडे हावडा स्टेशनच्या आसपास न्याहारी करा. कचोरी नावावरून राजस्थानी कचोरी डोळ्यांसमोर आणू नका. बंगाली ‘कोचुरी’ म्हणजे पुरीसारखी मऊ फुगलेली, आत हिंग-उडदाचं पातळ सारण, सोबत सालासकट बटाट्याची रस्सेदार भाजी पानाच्या द्रोणात. वर पातळ, कुरकुरीत जिलेबी. चहा मातीच्या छोट्या कपात मागा. त्याला ते ‘भांड़’ म्हणतात, आपल्या ‘भांडं’चंच भावंड.

लाँचने उत्तरेकडे

फेरीघाट हावडा स्टेशनच्या समोरच, भुयारी रस्त्याने पलीकडे गेलं की लागतो. खिडकीवर बागबाजार, शोभाबाजार किंवा अहिरीटोला यांपैकी जी लाँच आधी सुटणार असेल तिचं तिकीट घ्या. हे तिन्ही घाट एकाच काठावर, चालण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे अमुकच लाँच हवी म्हणून ताटकळू नका. तिकीट दहा रुपयांच्या आतबाहेर असतं. ते फेकू नका, काही घाटांवर उतरताना मागतात.

जेटी तरंगती असते आणि तिच्याकडे जाणारा लोखंडी उतार भरतीला जवळजवळ सपाट, ओहोटीला चांगलाच तिरपा होतो. बरोबर वयस्कर कुणी असेल तर हात धरा. समुद्र इथून बराच लांब असूनही हुगळीत भरती-ओहोटी जाणवते, आणि हे या नदीचं मला सगळ्यांत आवडलेलं वैशिष्ट्य. सकाळी फुलं आणि जलपर्णीचे पुंजके दक्षिणेला, समुद्राकडे जाताना दिसले तर दुपारनंतर तेच पाणी उत्तरेकडे, उलटं चढताना दिसू शकतं. दिवसभर लक्ष ठेवा. उधाणाच्या दिवसांत तर भरतीची लाट भिंतीसारखी वर येते. तिला ‘बान’ म्हणतात. त्या वेळी नावाडी होड्या काठापासून सोडवून मधोमध नेतात, आणि अशा वेळी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर कुणी थांबत नाही. तुम्हीही थांबू नका.

लाँचमध्ये उजव्या बाजूला बसा. पुलाखालून गेल्यावर बडाबाजारची जुनी गोदामं, मग निमतला घाटाचं स्मशान. १९४१ मध्ये रवींद्रनाथांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. बोटीतले काही लोक निमतलासमोर हात जोडतात.

बागबाजार : आपल्यासाठी थोडं अवघड ठिकाण

शक्य असेल तर बागबाजारपर्यंत जा. रसगुल्ल्याचं घर हेच. नोबिनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये इथे तो लोकप्रिय केला. पण मला मराठी वाचकाला एका वेगळ्याच गल्लीशी न्यायचं आहे. तिचं नाव ‘मराठा डिच लेन’.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून आली. कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्यावरूनच सर्क्युलर रोड झाला. आज खंदकाची खूण म्हणून उरली आहे ती ही पाटी. खेडोपाडी मात्र मराठी स्वार पोचले होते, आणि त्यांनी केलेली लुटालूट बंगालच्या स्मरणात आजही आहे. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा तिथे ‘बोर्गी’ झाला, आणि लेकरांना झोपवताना आया अजून बोर्गी आल्याचं गातात. तुम्ही महाराष्ट्राचे आहात हे कळल्यावर एखादा म्हातारा दुकानदार हसून ‘बोर्गी!’ म्हणेल. तो राग धरून म्हणत नाही. आपणही तिथे अटकेपार झेंड्यांच्या गोष्टी काढू नयेत, असं मला मनापासून वाटतं. दोनशे ऐंशी वर्षं दुसऱ्याच्या अंगाईत आपलं नाव भीतीने घेतलं जातं, हे त्या पाटीखाली उभं राहून एकदा समजून घ्यावं.

कुमारतुली

बागबाजारहून नदीच्या कडेने दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की मूर्तिकारांची वस्ती लागते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ज्याने पाऊल ठेवलं आहे त्याला इथला वास ओळखीचा वाटेल, पण पद्धत निराळी. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर भाताच्या पेंढ्याचं सुतळीने आवळलेलं शरीर, आणि मग नदीच्या मातीचे थर. पहिला थर चिकट मातीचा, शेवटचा बारीक पोताच्या मातीचा. साचा बहुतेक चेहऱ्यापुरता, बोटं हाताने वळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर गल्लीभर बिनडोक्याच्या दुर्गा उभ्या असतात. डोळे सर्वांत शेवटी रंगवतात आणि परंपरेने त्याचा मुहूर्त महालयेचा, म्हणजे सर्वपित्री अमावास्येचा. हिवाळ्यात सरस्वती दिसतील. बंगालमधल्या वसंत पंचमीसाठी त्यांची गडबड चालू असते.

विसर्जनानंतर हेच सांगाडे नदीतून काढून पुन्हा वापरले जातात. २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, पण त्या पूजेचा कणा इथे, या ओल्या आणि अरुंद गल्ल्यांत आहे. ओल्या मूर्तीला हात लावू नका, आत शिरण्याआधी ‘दादा, आशबो?’ (‘येऊ का?’) एवढं विचारा. मोठा कॅमेरा असेल तर फोटोसाठी पावती फाडावी लागते, ती खुशीने फाडा. इथे तासभर द्या. कुठे वेळ वाचवायचा झालाच तर पुढे व्हिक्टोरियात वाचवा, इथे नको.

दक्षिणेश्वर, पण साडेबाराच्या आत

कुमारतुलीहून शोभाबाजार सुतानुटी मेट्रो स्टेशन चालत गाठता येतं. ही भारतातली पहिली मेट्रो, १९८४ ची. फलाटावर गाडीचं शेवटचं स्टेशन वाचा, कारण काही गाड्या दमदम किंवा नोआपाड्यालाच संपतात. दक्षिणेश्वरच्या गाडीत बसलात की पंचवीसेक मिनिटं. स्टेशनपासून थेट देवळापर्यंत स्कायवॉक आहे. दहा-साडेदहाला पोचण्याचं ठरवा. साडेबाराला मंदिर बंद होतं ते दुपारी तीननंतर उघडतं. चपला आणि मोबाइल बाहेर जमा करावे लागतात, त्यामुळे सोबतच्या माणसांशी भेटायची जागा आधीच ठरवून घ्या.

नऊ शिखरांचं हे देऊळ १८५५ मध्ये राणी रासमणी यांनी उभारलं. नदीकाठाला बारा शिवमंदिरांची रांग आहे, आणि अंगणाच्या कोपऱ्यात रामकृष्ण परमहंसांची खोली. रासमणी विधवा होत्या, जमीनदारी स्वतः चालवत होत्या. मराठी माणसाला अहिल्याबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. कंपनी सरकारने हुगळीतल्या मासेमारीवर कर बसवला तेव्हा रासमणींनी नदीचा एक पट्टा रीतसर भाड्याने घेतला आणि साखळ्या टाकून तो अडवला. जहाजं खोळंबली, कर मागे घ्यावा लागला. त्या जातीने शूद्र म्हणून देवळाला पुजारी मिळेना. तेव्हा ते काम स्वीकारलं रामकृष्णांच्या थोरल्या भावाने, रामकुमार यांनी. हे माहीत असेल तर घाटावर बसल्यावर पाणी वेगळं दिसतं.

इथून बेलूर मठाला लाँच जाते आणि मोह होतो. पण मठही दुपारी बंद असतो आणि चारच्या सुमारास उघडतो. मठ बघायचाच असेल तर दुसरा दिवस ठेवा. घाईत आटोपण्याची ती जागा नाही.

जेवण आणि म्युझियम

मेट्रोने परत दक्षिणेकडे, पार्क स्ट्रीट स्टेशन. मासे खाणाऱ्यांनी एखाद्या ‘पाइस हॉटेल’मध्ये जावं. साधं भात-डाळ-भाजी-मासा, आणि प्रत्येक वाटीचे वेगळे पैसे. शाकाहारी मंडळींनी ‘निरामिष’ हा शब्द पाठ करावा आणि डाळ मागतानाही तो उच्चारावा, कारण तिथे डाळीत आणि कोबीतसुद्धा माशाचं डोकं घालण्याची पद्धत आहे. स्वयंपाक मोहरीच्या तेलात, नाकाला पहिल्या घासाला झणका येतो, तिसऱ्या घासाला आवडायला लागतं. शेवटी मातीच्या वाडग्यातलं मिष्टी दोई. हिवाळ्यात ‘नोलेन गुड’चा संदेश, म्हणजे खजुरीच्या ताज्या गुळाचा. तो इतर ऋतूंत मिळाला तरी तो स्वाद नसतो.

बोलण्यात एक गंमत सांभाळा : बंगालीत ‘काकू’ म्हणजे काका. बाईमाणसाला ‘दिदी’ किंवा ‘माशीमा’ म्हणा, पुरुषाला ‘दादा’. ‘दादा’ या शब्दाने अर्धं कोलकाता तुमचं होतं.

दुपारी व्हिक्टोरिया की म्युझियम, एकच निवडा. व्हिक्टोरियाचा मकराण्याचा संगमरवर देखणा आहे, पण तो बाहेरून बागेतूनही दिसतो. मी पाहुण्यांना १८१४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन म्युझियममध्ये नेतो, आणि तिथेही मुख्यतः भारहूतच्या दालनात. मध्य प्रदेशातून आणलेला स्तूपाचा तांबूस दगडी कठडा, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, त्यावर जातककथा आणि शेजारी ब्राह्मी अक्षरं कोरलेली. ही अक्षरं नीट बघून ठेवा. कार्ल्याच्या आणि नाशिकच्या लेण्यांत आपण पाहतो ती हीच लिपी. बाकी दालनं चालता चालता. साडेतीनला बाहेर पडा, उशीर नको.

संध्याकाळ : प्रिन्सेप घाट ते बाबूघाट

टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत प्रिन्सेप घाट. पांढऱ्या खांबांचा हा मंडप १८४३ मध्ये पूर्ण झाला तो जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ. कोलकात्याच्या टांकसाळीतला हा अधिकारी. १८३७ मध्ये त्याने ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे शिलालेख वाचता आले. मघाशी पाहिलेली अक्षरं कुणामुळे बोलू लागली, त्याचं हे उत्तर नदीकाठी उभं आहे. मागे विद्यासागर सेतूच्या तारा पसरलेल्या असतात. शहर पूर्व काठावर असल्यामुळे सूर्य थेट पाण्यापलीकडे मावळतो.

छपराची लाकडी होडी घ्यायची असेल तर आधी तीन गोष्टी बोलून घ्या : पैसे माणशी की होडीचे, वेळ किती, लाइफ जॅकेट आहे का. जॅकेट नसेल तर बसू नका. नदीला ओढ आहे आणि ती काठावरून कळत नाही.

मग काठाने उत्तरेकडे बाबूघाटापर्यंत चाला. वाटेत मिरीदाणीच्या आकाराचं एक दुमजली स्मारक लागेल. हे ग्वाल्हेर स्मारक. १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनियारला शिंद्यांच्या फौजेशी झालेल्या लढायांत पडलेल्या इंग्रजांसाठी ते बांधलं, आणि त्यात लागलेला धातू शिंद्यांकडून जप्त केलेल्या तोफांचा. समोरून रोज शेकडो माणसं पुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, खात जातात, क्वचितच कुणी वर पाहतं. तुम्ही पाहा. आणि पुचकाही खा : चिंचेचं आंबट पाणी, आत तिखट कुस्करलेला बटाटा, गोड चटणी नाही.

बाबूघाटाचं पूर्ण नाव बाबू राजचंद्र घाट. १८३० चा. राजचंद्र दास म्हणजे रासमणींचे पती. सकाळी बायकोचं देऊळ पाहिलं, संध्याकाळी नवऱ्याचा घाट.

इथून हावड्याची लाँच घ्या. ऑफिसं सुटलेली असतात, रेटारेटी होते, पर्स पुढे धरा आणि जागा मिळाली नाही तरी कडेचा दांडा पकडून उभे राहा. पंधराएक मिनिटांत उजेडात न्हालेला पूल समोर येतो. पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते दिव्यांच्या प्रतिबिंबात तरंगणाऱ्या फुलांवरून बघा.

हावड्याला उतरून स्टेशनच्या मेट्रोत शिरा, एस्प्लनेडचं तिकीट काढा. जिने उतरतच जावे लागतात, स्टेशन फार खोल आहे. मार्च २०२४ मध्ये ही मार्गिका सुरू झाली, देशात नदीखालून जाणारी पहिली. गाडी सुटली की दाराच्या काचेशी उभे राहा. भुयारात निळे दिवे दिसू लागले की तुमच्या डोक्यावर हुगळी आहे असं समजा. साधारण पाऊण मिनिट ते दिसतात, मग पुन्हा साधी भिंत, आणि पुढचं स्टेशन महाकरण.